गॅरेजमधे १४ हजार राउंड (बंदुकीच्या गोळ्या) आहेत, अजून १० हजार घेऊन ठेवू का?

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई नमस्कार. आम्ही डलासजवळ प्लेनोला असतो, ग्रीन कार्ड होऊन सहा वर्षं झाली. २०२४ च्या ऑलिम्पिकमधे स्वप्नील कुसळेला ब्राँझ मिळालं तेव्हापासून आमच्या लेकीला (वय १६) रायफलचं वेड लागलंय, क्लबमधे आठवड्यातून दोनदा पॉइंट टूटू (.२२ मापाची छोटी गोळी) मारते, दर वेळी ६० राउंड. तिला सोडायला जाता जाता मीही नाइन एमएम पिस्तूल घेतलं, महिन्याला शंभरेक राउंड होतात. क्लबमधले जुने लोक सारखे सांगतात की २०२१ मधे डब्बा मिळेना झाला होता, दिसेल तेव्हा घेऊन ठेव. तसं करता करता पॉइंट टूटूचे ९ हजार आणि नाइन एमएमचे ५ हजार झालेत. आता ग्रुपवर पुन्हा मेसेज फिरतोय की टंचाई येणार. अजून १० हजार घेऊ का? एक मित्र अर्धे पैसे द्यायला तयार आहे, तो एच-वन-बी वर आहे, अर्धा माल त्याच्याकडे राहील. बायको म्हणते गॅरेजमधे पाय ठेवायला जागा नाही. आणि मुळात हे होतं कसं, कंपन्या मुद्दाम माल दाबून ठेवतात का? – एक बाबा"

दादा,

आधी उत्तर देऊन टाकते, कारणं मग. नका घेऊ. आणि मित्राबरोबर तर अजिबातच नका घेऊ, त्याचं खाली सविस्तर सांगते, ते वाचल्याशिवाय त्याला हो म्हणू नका प्लीज.

तुमच्याच आकड्यांनी हिशेब मांडते. लेकीचे आठवड्याला १२०, म्हणजे महिन्याला साधारण ५००, एक ब्रिक (५०० चा खोका). ९ हजार म्हणजे दीड वर्षाची बेगमी झाली. तुमचे महिन्याला १००, तर ५ हजार म्हणजे चार वर्षं पुरून वर थोडे उरतील. त्यात अजून १० हजार टाकलेत तर लेक कॉलेजला निघून जाईल तरी खोकी तिथेच असतील. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे आणि ते फक्त जागेपुरतं बरोबर नाहीये.

आता हे होतं कसं. तुम्ही टेक्सासमधे आहात म्हणजे जुलै २०२३ नक्की आठवत असेल. २० तारखेला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि दोन दिवसांत इकडच्या इंडियन स्टोअर्समधे सोना मसुरीवर झुंबड, ज्या घरात महिन्याला एक गोणी लागते त्या घराने पाच उचलल्या, मग दुकानांनी 'एका फॅमिलीला एकच बॅग' असे कागद चिकटवले, आणि तो कागद बघून ज्यांना तांदूळ नको होता तेही लाइनीत उभे राहिले. बासमतीवर बंदी नव्हती, उकड्यावर नव्हती, आधीच इथे येऊन पडलेला माल होताच. तांदूळ तेव्हा कोणी जास्त खायला लागलं नव्हतं, सगळ्यांनी पुढच्या पाच महिन्यांची खरेदी एकाच शनिवारी केली. गोळ्यांचं अगदी तेच होतं.

फरक एकच आहे आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. तांदळात टोके होतात. कितीही घाबरलेला माणूस असला तरी दहाव्या गोणीला विचार करतो, एरंडेल लावून तरी किती ठेवणार. काडतूस कोरड्या थंड जागी ठेवलं तर कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळे 'असू दे घरात, नासतंय थोडंच' याला काही अंतच राहत नाही. म्हणून तांदळाची पळापळ काही आठवड्यांत शांत झाली आणि गोळ्यांची वर्षानुवर्षं चालते.

पॉइंट टूटूचंच बघा. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधे सँडी हुकच्या शाळेतल्या गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. त्यानंतर कायदे कडक होणार अशी चर्चा सुरू झाली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. मोठ्या रायफलींच्या गोळ्या संपल्या ते समजण्यासारखं होतं, पण पॉइंट टूटू, जी पोरं डब्यांवर मारायला वापरतात, जी बंद करायचं कोणी बोलतही नव्हतं, ती गायब झाली. एप्रिल २०१३ मधे सिनेटमधे बंदुकीचे कायदे कडक करायचं बिल पडलं, म्हणजे ज्या केंद्रीय कायद्याची भीती होती तो आलाच नाही, आणि तरीही पुढची दोन-तीन वर्षं पॉइंट टूटू धड मिळत नव्हती. कारण तोवर लोक कायद्याला घाबरून घेतच नव्हते, रिकामं शेल्फ बघून घेत होते.

मी तेव्हा ओहायोत होते, कोलंबसजवळ. आमच्या भागातल्या एका मोठ्या दुकानात मंगळवारी पहाटे ट्रक यायचा हे सगळ्यांना कळलं होतं, सहाच्या आधी त्याच त्याच सात-आठ माणसांची लाइन, तीन डब्यांची लिमिट होती तर बायकोला, मेहुण्याला घेऊन यायचे. त्यातल्या एकाला मी पुढच्याच रविवारी गन शोमधे टेबल लावून बसलेलं बघितलं, २० डॉलरचा ब्रिक ६० ला. मी सुद्धा चार मंगळवार गेले. चौथ्या मंगळवारी माझ्या मागे एक आजोबा होते, नातवाच्या वाढदिवसाला रायफल घेतली होती म्हणे, एक ५० चा डबा मिळाला तरी चालेल म्हणत होते, आणि शेवटचे तीन डबे मी घेतले. त्यांना एक सुद्धा दिला नाही. घरी माझ्याकडे तेव्हा वर्षभराचा साठा होता. ती गोष्ट मला आजही टोचते आणि तुमचं पत्र वाचून हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच.

कंपन्या माल दाबतात का? हा प्रश्न प्रत्येक टंचाईत येतो. २०१३ मधे तर जोरात अफवा होती की सरकारचं होमलँड सिक्युरिटी खातंच सगळ्या गोळ्या विकत घेतंय. अमेरिकन संसदेच्या ऑडिट ऑफिसने त्याची तपासणी केली, २०१४ च्या सुरुवातीला रिपोर्ट आला, त्यात त्या खात्याची खरेदी उलट आधीच्या वर्षांपेक्षा कमी झालेली निघाली. आणि कंपनीच्या बाजूने विचार करा ना, ज्या दिवशी माल चौपट भावाने खपतोय त्या दिवशी कोण गोदामात ठेवेल. अडचण वेगळी आहे, ती कारखान्यात आहे.

एका काडतुसात चार गोष्टी असतात, पितळेची केस, पुढची बुलेट, आत पावडर आणि पेटवणारा प्राइमर. पॉइंट टूटूमधे प्राइमर वेगळा नसतोच, तो मसाला केसच्या तळाच्या कडेत असतो, ओला असतानाच केस गरगर फिरवून त्या कडेत बसवतात आणि मग वाळवतात. ते काम स्फोटकाचं आहे, मशीन वेगळी, माणसं खास शिकवलेली. नाइन एमएमची मशीन पॉइंट टूटू बनवत नाही आणि पॉइंट टूटूची नाइन एमएम. म्हणजे डिमांड दुप्पट झाली म्हणून उद्यापासून दुप्पट माल असं होत नाही, मशीन आधीच तिन्ही शिफ्टला चालू असतात. नवी लाइन टाकायला वर्षं लागतात आणि पैसा प्रचंड, आणि ती सुरू होईपर्यंत लोकांची भीती ओसरलेली असते. २०१६ च्या निवडणुकीनंतर तेच झालं, ट्रम्प निवडून आले, कायद्याची भीती गेली आणि विक्री एकदम बसली. रेमिंग्टन ही बंदुका आणि गोळ्या बनवणारी जुनी कंपनी २०१८ मधे एकदा आणि जुलै २०२० मधे दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली. हे बघितल्यावर कोणता मालक चार महिन्यांच्या गर्दीसाठी नवा कारखाना बांधेल?

आणि ती दुसरी दिवाळखोरी बघा कधी आली. अमेरिकेत प्राइमर बनवणारी मोठी नावं चारच, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. २०२० च्या उन्हाळ्यात, जेव्हा करोना, रस्त्यावरची आंदोलनं, निवडणूक सगळं एकत्र आलं होतं, तेव्हा त्या चारातल्या रेमिंग्टनचा आर्कान्सामधल्या लोनोकचा कारखाना जवळजवळ थंड पडला होता. शरद ऋतूत व्हिस्टा आउटडोअरने (सीसीआय आणि फेडरलची तेव्हाची मालक कंपनी) तो ८ कोटी डॉलरच्या आसपास घेतला आणि मग हळूहळू पुन्हा सुरू केला. त्याच वर्षी एफबीआयकडे बंदूक खरेदीच्या चौकशा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेल्या, १९९८ मधे ती पद्धत सुरू झाल्यापासूनचा तोवरचा सगळ्यात मोठा आकडा (प्रत्येक चौकशी म्हणजे एक विक्री असं नसतं, पण अंदाज येतो). बंदूक उद्योगाच्या संघटनेचा अंदाज होता की त्या एका वर्षात ८४ लाख लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. आता हे ८४ लाख लोक वेडे नाहीत, साठेबाज नाहीत, प्रत्येकाने बंदुकीबरोबर फक्त ५० चे दोन डबे घेतले असं धरा. ८४ कोटी राउंड झाले. आणि त्याच वेळी आधीपासूनचे लोक, जे दोन डबे घ्यायचे, ते दहा घ्यायला लागले. २०१९ मधे १० डॉलरला मिळणारा नाइन एमएमचा ५० चा डबा २०२१ च्या सुरुवातीला ४० च्या आसपास गेला तो असा. तुमच्या क्लबातले लोक खोटं सांगत नाहीयेत, त्यांनी भोगलंय. फक्त त्यातून त्यांनी जो धडा घेतला तो मला पटत नाही.

काही कारणं आपल्या हातातली नसतात हेही सांगते. ऑगस्ट २०२१ मधे रशियातले विरोधी नेते नवाल्नी यांच्यावरच्या विषप्रयोगावरून अमेरिकेने रशियन गोळ्यांच्या आयातीचे नवे परवाने बंद करायचं जाहीर केलं, स्वस्त स्टील केसवाला माल हळूहळू संपला. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर तोफगोळ्यांसाठी पावडरची आणि तिला लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची ओढाताण झाली, घरी रीलोडिंग करणाऱ्यांना (रिकाम्या केस पुन्हा भरणाऱ्यांना) त्याची झळ बसली. म्हणून मेसेज आला की आधी एवढंच बघायचं, बातमी खरी असली तरी ती कशाबद्दल आहे, कोणत्या कॅलिबरबद्दल, म्हणजे कोणत्या मापाच्या गोळीबद्दल. तोफेच्या पावडरची बातमी वाचून पॉइंट टूटूचा ब्रिक उचलायचा काही संबंध नाही, तिच्यात पावडर चिमूटभर असते आणि लाइनही वेगळी.

आता तुम्ही काय करायचं ते. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे मसाले, पापड, गहू भरून ठेवायचे ना, आई काय करायची, मागच्या वर्षी किती लागलं ते तिला पाठ असायचं, त्यावर चार पाहुण्यांचं धरायचं आणि तेवढंच भरायचं, बाजारात कोणी काही बोलो. तसंच. लेकीसाठी सहा महिने ते वर्षाचा साठा, म्हणजे ३ ते ६ हजार, हा तुमचा आकडा. तुमच्यासाठी हजार-बाराशे पुष्कळ. आत्ता दोन्ही वरच आहेत, तेव्हा पॉइंट टूटू ६ हजारावर येईपर्यंत काहीच घ्यायचं नाही, त्यानंतर महिन्याला एक ब्रिक वापरायचा आणि एक आणायचा. असं केलंत की टंचाई आली तरी तुमच्याकडे वर्ष असतं, आणि त्या वर्षात तुम्हाला लाइनीत उभं राहावं लागत नाही, म्हणजे तुमच्या जागी ज्याच्याकडे खरंच काही नाही तो उभा राहू शकतो. शेल्फ भरलेलं असताना थोडं थोडं घेणाऱ्यामुळे कोणाचंच काही बिघडत नाही, रिकामं होत चाललेलं असताना दहा पट घेणाऱ्यामुळे बिघडतं.

एक अपवाद, तो मनापासून मान्य आहे. लेक मॅचला उतरणार असेल तर एकाच लॉट नंबरचा (एकाच खेपेत बनलेला) माल जास्त घ्यावा लागतो, कारण टार्गेट रायफल एखाद्या लॉटवर बसते आणि दुसऱ्यावर ग्रुप फाकतो, म्हणजे भोकं एकमेकांपासून लांब पडतात. कोचबरोबर तीन-चार लॉट टेस्ट करा, जो तिच्या रायफलला मानवला त्याचे सीझनपुरते घ्या आणि ते मॅचसाठी वेगळे ठेवा, प्रॅक्टिसला साधे चालतील. आणि हा सगळा माल गॅरेजमधून आधी घरात हलवा हो, टेक्सासच्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते. मूळ डब्यातच ठेवा, लॉट नंबर डब्यावरच असतो, आतल्या खोलीतलं कपाट, कुलूप, किल्ली तुमच्याकडे.

अजून एक, लेकीला खरंच पुढे जायचं असेल तर आठवड्याचे १२० राउंड कमी करूनही ती सुधारू शकते. ड्राय फायर, म्हणजे गोळी न घालता ट्रिगरचा सराव. पॉइंट टूटूमधे रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते ती जागा) ट्रिगर ओढला तर बऱ्याच रायफलींमधे फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रूसाठी ठोकायचे ते छोटे पिवळे प्लास्टिकचे गुल्ले मिळतात ना, तो एक चेंबरमधे घालतात, कडेवर चार-पाच ठोके पडले की थोडा फिरवायचा. रायफलचं मॅन्युअल आधी वाचा आणि खोलीत एकही जिवंत राउंड नको, हे दोनदा तपासून. मी रोज रात्री १५ मिनिटं करते, बैठकीच्या भिंतीवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका काढलाय, ट्रिगर सुटताना साइट त्या ठिपक्यावरून हलली का एवढंच बघायचं, आणि ती हललेली दिसते, रेंजवर आवाजात आणि धक्क्यात ती कधीच दिसत नाही.

आता मित्राचं. दादा, इथल्या केंद्रीय कायद्यानुसार एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक तर सोडाच, गोळ्या सुद्धा जवळ ठेवणं गुन्हा आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल असे काही मोजके अपवाद आहेत, त्यात तो बसतो का हे वकिलाला विचारल्याशिवाय धरून चालू नका. अर्धा माल त्याच्या घरी म्हणजे तो अडकला, आणि तो कोणत्या व्हिसावर आहे हे माहीत असून तुम्ही दिलात म्हणजे तुम्हीही अडकलात. एक डबा असो की दहा हजार राउंड, कायदा तोच. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणं सुद्धा त्याच्यासाठी धोक्याचं आहे. त्याची ग्रीन कार्डची लाइन आपल्याला माहितीये किती लांब आहे, ती एका स्वस्तातल्या डीलपायी जायला नको. त्याला हे आजच सांगा, मेसेजवर नको, फोन करून सांगा.

आणि तुमच्याकडे ६ हजाराच्या वरचे जे ३ हजार आहेत त्यांचं एक सुचवू का? २०२१ च्या मार्चमधे आमच्या क्लबच्या ज्युनिअर बॅचला मी मदतीला जायचे. प्रत्येक मुलापुढे ५० भोकांचा लाकडी ठोकळा असतो, त्यात राउंड उभे करून ठेवतात आणि एकेक उचलून मारतात. कोच डबा घेऊन एका टोकापासून निघायचा आणि प्रत्येकाच्या ठोकळ्यात मोजून १० ठेवायचा, चार ओळी रिकाम्या. मुलं काही बोलायची नाहीत पण दहा झाले की तशीच चटईवर पडून शेजारच्याचं टार्गेट बघत राहायची. एप्रिलमधे बॅचच बंद झाली, आणि त्यातली दोन मुलं परत आलीच नाहीत. त्या वेळी कोलंबस परिसरात किती घरांच्या कपाटांत ब्रिक पडून असतील, माझ्याकडेच २०१३ चे तीन होते, २० डॉलरच्या स्टिकरसकट. ते मी नेऊन दिले, पण आठवडाभरात संपले आणि तोवर उशीर झाला होता. तुमच्या क्लबच्या ज्युनिअर कोचला विचारा की त्यांच्याकडे किती महिन्यांचं आहे, आणि कमी असेल तर ते ३ हजार घेतलेल्या भावात क्लबला देऊन टाका, नियम काय लागतात ते कोचला माहीत असतं. लेक तिथेच शिकतेय, तिच्याबरोबरची पोरं टिकली तर तिलाही मजा येईल.

मित्राला शूटिंगची आवडच असेल तर १० मीटर एअर रायफल आहे ना. हवेवर चालते, पावडर नसते, त्यामुळे केंद्रीय कायद्यात ती फायरआर्म धरत नाहीत, टेक्सासमधे त्याला काही अडचण येऊ नये, दुसऱ्या राज्यात गेला तर तिथला नियम बघायचा. ५०० छर्ऱ्यांचा डबा खिशात मावतो. लेकीच्या क्लबमधे एअरची लेन असेल तर रविवारी त्याला घेऊन जा, स्टान्स आणि श्वास कसा धरायचा हे तुमची लेकच त्याला शिकवेल.

तुमची,
ताई